पंख्यावर पंखा कशासाठी?

प्रश्न : डिसेंबर २०२३ मध्ये नौदल दिनाला तारकर्लीच्या किनाऱ्यावर नौदलाच्या हेलिकॉप्टरांच्या कसरती पाहिल्या. गोव्याला जाताना दाबोळी विमानतळाजवळही हेलिकॉप्टरं दिसतात. त्यातल्या काहींना एकावर एक असे दोन पंखे असतात आणि शेपटीला पंखाच नसतो. बाकीच्यांचं तसं नाही. एकाच नौदलात इतके प्रकार कशाला? आणि तोफा-क्षेपणास्त्रं असलेल्या युद्धनौकेला मुळात हेलिकॉप्टर लागतंच कशाला?
– एक वाचक, मालवण

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. तो कळला की प्रकारांचं कोडं आपोआप सुटतं.

९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात आपली 'खुकरी' ही फ्रिगेट पाकिस्तानी पाणबुडी 'हंगोर'च्या टॉर्पेडोने बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबर गेले. मन सुन्न करणारी गोष्ट ही की 'खुकरी' पाणबुड्यांची शिकार करण्यासाठीच बांधलेली नौका होती. पण तिच्यावर हेलिकॉप्टर नव्हतं, आणि ते उतरायला जागाही नव्हती. पाणबुडी शोधणारी सी किंग हेलिकॉप्टरं आपल्या नौदलात त्याच वर्षी दाखल झाली होती.

जहाजाला पाणबुडी सापडणं अवघड का? अरबी समुद्राचं वरचं पाणी उन्हाने तापलेलं असतं. खाली गेलं की एका थरानंतर ते झपाट्याने गार होत जातं. गरम आणि गार पाण्यातून आवाज सारख्या वेगाने जात नाही, त्यामुळे या थरापाशी तो वाकतो. जहाजाच्या तळाशी बसवलेल्या सोनारचा, म्हणजे आवाज सोडून प्रतिध्वनी ऐकणाऱ्या यंत्राचा, आवाज तिथेच वळून जातो आणि थराखाली लपलेल्या पाणबुडीला तो धड पोचत नाही. शिवाय जहाजाच्या पंख्यांचा घरघराट पाणबुडीला कितीतरी लांबून ऐकू येतो. म्हणजे शिकाऱ्याची चाहूल शिकारीला आधीच लागलेली असते.

हेलिकॉप्टर हा डाव उलटवतं. ते पाण्यावर पंधरा-वीस मीटर उंचीवर तरंगत थांबतं आणि पोटातून एका तारेला बांधलेला सोनार विहिरीत पोहरा सोडावा तसा समुद्रात सोडतं. तार त्या गरम-गार थराच्या खाली जाते. मागच्या बाजूला कानांवर हेडफोन लावून बसलेला नौसैनिक आवाज सोडतो आणि परत येणारा प्रतिध्वनी ऐकतो. पुढे बसलेल्या वैमानिकाचं काम त्याहून कठीण. पंख्याच्या वाऱ्याने उडालेलं खारं पाणी काचेवर बसलेलं असतं, रात्र असेल तर आकाश आणि समुद्र वेगळे ओळखू येत नाहीत, आणि तार मात्र सरळ उभी राहिली पाहिजे. काही सापडलं नाही तर तार गुंडाळायची, काही किलोमीटर पुढे जायचं आणि पुन्हा बुडी. पाण्याखाली डिझेल पाणबुडी फार तर ताशी पस्तीस-चाळीस किलोमीटर वेगाने पळणार, आणि तेवढ्याने तिची बॅटरी झरझर संपणार. हेलिकॉप्टर तिच्या काही पट वेगाने फिरतं, आणि त्याच्यावर टॉर्पेडो सोडायची सोय तिच्याकडे नाही. दोन हेलिकॉप्टरं जोडीने असली तर एक कान लावून बसतं आणि दुसरं टॉर्पेडो टाकायला मोकळं असतं.

म्हणून पुढच्या काळात आपल्या जहाजांचे आराखडेच हेलिकॉप्टर डोळ्यांसमोर ठेवून झाले, आणि अशी जहाजं मुंबईच्या माझगाव गोदीत बांधली गेली याचा मला मनापासून अभिमान वाटतो. तिथे बांधलेल्या 'तारागिरी' आणि 'विंध्यगिरी' यांचा मूळ ब्रिटिश आराखडा बदलून त्यांच्यावर सी किंगची सोय केली गेली. त्याआधीच्या बहिणींवर छोटं चेतक हेलिकॉप्टर बसत होतं. सी किंगच्या पंख्याचा घेर जवळपास १९ मीटर. एवढं यंत्र डोलणाऱ्या लहानशा डेकवर उतरवायचं तर नुसत्या कसबावर भागत नाही. कॅनडाच्या नौदलाने १९६० च्या दशकात काढलेली युक्ती इथे कामी आली. हेलिकॉप्टर डेकवर तरंगत असताना खाली एक दोर सोडतं, तो जहाजावरच्या तारेला जोडतात आणि मग डेकच त्याला हळूहळू खाली ओढून घेतं. टेकल्याबरोबर लोखंडी जबडा त्याला घट्ट पकडतो. १९८३ मध्ये आलेल्या 'गोदावरी'ने तर एक सोडून दोन सी किंग सामावून घेतली. त्या आकाराच्या जहाजासाठी ही फार मोठी झेप होती.

आता तुमचा पंख्यावर पंखा. मुख्य पंखा एका दिशेला फिरला की हेलिकॉप्टरचं धड उलट्या दिशेला फिरू पाहतं. ते थोपवायला शेपटीला छोटा उभा पंखा लागतो. त्यासाठी इंजिनची बरीच ताकद खर्ची पडते आणि शेपूट लांब ठेवावी लागते. जहाजावर आडवा वारा आला की त्याचा त्रास वेगळाच. निकोलाय कामोव्ह यांनी सोव्हिएत नौदलासाठी वेगळा मार्ग धरला. एकाच दांड्यावर दोन पंखे, एक डावीकडे फिरणारा, दुसरा उजवीकडे. दोघांचे झटके एकमेकांना फेडून टाकतात आणि शेपटीच्या पंख्याची गरजच उरत नाही. हिशेब बघा : कामोव्ह-२८ चं कमाल वजन १२ टनांच्या आसपास, म्हणजे सी किंगहून जास्त, तरी पंख्याचा घेर १६ मीटरच्याही आत. जहाजावर एक-एक फूट जागेसाठी मारामार असते, तिथे हा फरक फार मोठा. सोव्हिएत युनियनकडून घेतलेल्या 'राजपूत' वर्गातल्या विनाशिकांबरोबर ही कामोव्ह घराण्याची हेलिकॉप्टरं आपल्याकडे आली.

तुम्हाला दाबोळीजवळ दिसलेलं कदाचित कामोव्ह-३१ असेल. त्याचं घर तिथलाच 'आयएनएस हंसा' हा नौदलाचा तळ. त्याचं काम पाण्याखालचं नाही, क्षितिजापलीकडचं. जहाजाच्या डोलकाठीवरच्या रडारला पृथ्वीच्या गोलाईमुळे पाण्यालगत येणारं क्षेपणास्त्र साधारण तीस किलोमीटरवर आलं की मगच दिसतं. नेहमीच्या वेगाचं क्षेपणास्त्र ते अंतर दीड-दोन मिनिटांत कापतं. हेच रडार तीन किलोमीटर उंच नेलं तर क्षितिज दोनशे किलोमीटरच्याही पलीकडे सरकतं. फॉकलंड युद्धात ४ मे १९८२ रोजी अर्जेंटिनाच्या एक्झोसेट क्षेपणास्त्राने ब्रिटिश विनाशिका 'शेफील्ड'चा घास घेतला, तेव्हा ब्रिटिश ताफ्याच्या डोक्यावर असा उंचावरचा पहारेकरी नव्हता. मग त्यांनी घाईघाईने सी किंगच्या बाजूला रडारचा फुगा बसवला. पण तो तयार होईतो युद्ध संपलं होतं. कामोव्ह-३१ च्या पोटाखाली जवळपास सहा मीटर रुंदीचा पाटीसारखा अँटेना घडी घालून ठेवलेला असतो. हवेत गेल्यावर ते आपली चाकं वर ओढून घेतं, अँटेना खाली उतरतो आणि सावकाश गोल फिरू लागतो. वाटेत आड येऊ नयेत म्हणून पाय आखडून घेणारं हे यंत्र पाहायला मिळालं तर नक्की पाहा.

चेतक सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत जुनं. एकच इंजिन, दोन टनांच्या आसपास वजन. साठच्या दशकापासून ते सेवेत आहे. सामान पोचवणं, आजारी माणूस आणणं, आणि विमानवाहू नौकेवरून विमानं उडत असताना बाजूला घिरट्या घालत थांबणं, म्हणजे एखादं विमान पाण्यात गेलंच तर वैमानिकाला लगेच उचलता येतं. सी किंगमध्येही प्रकार आहेत : ४२-बी पाणबुडीशी लढणारं आणि जहाजावर क्षेपणास्त्र सोडणारं, तर ४२-सी कमांडोंना नेणारं. आपल्या ध्रुव हेलिकॉप्टरची पाती घडी घातल्यावरही त्याची रुंदी नौदलाच्या मापात बसेना, ही त्याची मोठी अडचण ठरली. त्याची सागरी आवृत्ती पुढे किनाऱ्यावरच्या तळांवरून गस्त आणि शोध-बचावासाठी घेतली गेली.

एक गोष्ट मात्र खटकत राहते. सी किंग म्हातारी होत गेली, त्यांच्या जागी सोळा हेलिकॉप्टरं घेण्याची प्रक्रिया वर्षानुवर्षं रखडली आणि शेवटी रद्द झाली. तोवर नवीकोरी मोठी जहाजं समुद्रात उतरत होती, दोन-दोन हेलिकॉप्टरांचे हँगर घेऊन, आणि त्यांच्यासाठी पुरेशी हेलिकॉप्टरं नव्हती. 'खुकरी' गमावलेल्या देशाने हे इतकी वर्षं चालू द्यायला नको होतं. फेब्रुवारी २०२० मध्ये अमेरिकेकडून २४ एमएच-६०आर हेलिकॉप्टरं घेण्याचा करार झाला आणि ६ मार्च २०२४ रोजी कोचीत त्यांची पहिली स्क्वाड्रन उभी राहिली. यांची पाती मागे दुमडतात, शेपूटही दुमडते, आणि बुडी मारणारा सोनार, रडार आणि टॉर्पेडो हे सगळं एकाच हेलिकॉप्टरमध्ये मिळतं.

प्रश्न : तौक्ते वादळात माणसांना दोराने हेलिकॉप्टरमध्ये ओढताना टीव्हीवर पाहिलं. पण हेलिकॉप्टरं पहिल्याच दिवशी का गेली नाहीत?
– एक वाचक, पालघर

उत्तर : वाऱ्यामुळे. १७ मे २०२१ ला समुद्रावर असा वारा होता की हेलिकॉप्टर पाठवणं म्हणजे आणखी माणसं पाण्यात लोटणं. त्या संध्याकाळी २६१ माणसं असलेला पी-३०५ हा तराफा बुडाला, तेव्हा 'कोची' आणि 'कोलकाता' या युद्धनौका पोचलेल्या होत्या, आणि रात्रभर लाटांमधून एकेकाला वर घेण्याचं काम जहाजांनीच केलं. वारा उतरल्यावर दुसऱ्या दिवशी सी किंग आणि चेतक निघाली. भरकटलेल्या दुसऱ्या एका तराफ्यावरच्या माणसांना त्यांनी उचललं.

दोराने उचलणं दिसतं तेवढं सोपं नसतं. पंख्यांचा वारा खालच्या माणसाला बुडवू पाहतो, आणि चेतकमध्ये वैमानिक धरून सातच जण मावतात, म्हणजे फेऱ्यांवर फेऱ्या. शिवाय हवेत फिरताना हेलिकॉप्टरच्या अंगावर स्थिर वीज साचते आणि ती दोराच्या टोकाच्या हुकापर्यंत येते. दमलेल्या, भिजलेल्या माणसाने आशेने हात वर करून तो हुक पकडला तर त्याला सणसणीत झटका बसतो. म्हणून खाली थांबलेल्याला पहिली सूचना हीच असते : हुक आधी पाण्याला किंवा डेकला टेकू द्या, मग हात लावा.