शहराच्या गाभ्यातील स्वयंपूर्ण घर : सुरतेचा धडा

घराला केवळ भिंती व छप्पर असून भागत नाही. पाणी, उजेड व चुलीस इंधन लागते; सांडपाण्याला आणि कचऱ्याला वाट लागते. खेड्यातील घर यांपैकी पुष्कळशा गरजा एके काळी आपल्या परसातूनच भागवीत असे. विहीर, गोठा, उकिरडा व सरपण ही त्याची साधने होती. शहराच्या मध्यवस्तीत मात्र एका घराची भिंत दुसऱ्या घराला लागून असते. तेथे परस नसते. अशा ठिकाणी टिकाऊ व स्वयंपूर्ण निवास उभारता येईल काय, आणि येत असेल तर कितपत, हा प्रश्न आज अनेक नगरांपुढे आहे. त्याचे उत्तर शोधण्यास सुरतेसारखे दुसरे उपयुक्त उदाहरण क्वचितच सापडेल.

सुरत हे शहर महाराष्ट्राला परके नाही. मध्य प्रदेशातील मुलताईजवळ उगम पावणारी तापी नदी खानदेशातून वाहत जाऊन सुरतेजवळ समुद्रास मिळते. खानदेशातील असंख्य कुटुंबे कापडउद्योगाच्या निमित्ताने सुरतेच्या उधना, लिंबायत आदी भागांत स्थायिक झाली आहेत. यास्तव त्या शहरातील निवासाचा प्रश्न हा धुळे व जळगाव जिल्ह्यांतील अनेक घरांच्याही जिव्हाळ्याचा प्रश्न होय.

जुन्या शहराची ठेवण

शिवाजी महाराजांच्या १६६४ च्या स्वारीनंतर सुरतेभोवती विटांचा कोट बांधण्यात आला. त्या कोटाच्या आतील चौक बाजार, गोपीपुरा यांसारख्या वस्त्या म्हणजे आजचे जुने शहर. सुमारे आठ चौरस किलोमीटरच्या या भागात २०११ च्या जनगणनेच्या वेळी चार लाखांवर लोक राहत होते. येथील जुनी घरे अरुंद व खोल आहेत. रस्त्याच्या बाजूस उंच ओटा, मध्ये उघडा चौक, दोन्ही बाजूंस शेजाऱ्याशी लागून असलेल्या भिंती आणि लाकडी सांगाड्यात भरलेले विटांचे बांधकाम, अशी त्यांची सर्वसाधारण रचना असते. अशा घरांच्या ओळीने बनलेल्या बोळास तेथे शेरी म्हणतात. आपल्याकडील आळीसारखीच ती असते.

ही रचना हवामानाला धरून होती. लागून असलेल्या भिंतींवर ऊन पडत नाही. अरुंद शेरीत दिवसाचा बराच काळ सावली राहते. चौकातून तापलेली हवा वर निघून जाते व तिच्या जागी दाराखिडक्यांतून ताजी हवा आत येते. गुजरातमधील अहमदाबाद व भरूच येथील अनेक जुन्या घरांत चौकाच्या फरशीखाली पावसाचे पाणी साठविण्याचे टाके असे. केंद्र शासनाने २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी इको निवास संहिता प्रसिद्ध केली. उन्हाचा ताप भिंतींतून आत येऊ न देणे व वारा खेळता ठेवणे या तिच्यातील मुख्य गोष्टी जुन्या गवंड्यांना अनुभवाने ठाऊक होत्या.

छपराचा हिशेब

तथापि जुन्या घराची केवळ स्तुती करून प्रश्न सुटत नाही. हिशेब मांडून पाहणे आवश्यक आहे.

उदाहरणादाखल, चार मीटर रुंद व पंधरा मीटर खोल अशा ६० चौरस मीटरच्या जागेवरील एक घर घेऊ. त्यातील १० चौरस मीटरचा चौक वजा करता छप्पर ५० चौरस मीटरचे राहते. सुरतेत वर्षाला सरासरी सुमारे १,२०० मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे या छपरावर वर्षाकाठी ६०,००० लिटर पाणी पडेल. गळती, बाष्पीभवन व पहिल्या पावसाचे सोडून द्यावयाचे पाणी यांसाठी पाचवा हिस्सा वजा केला, तरी ४८,००० लिटर हाती राहते.

शहरी पाणीपुरवठ्याच्या प्रमाणाप्रमाणे माणशी दररोज १३५ लिटर पाणी धरले, तर पाच माणसांच्या कुटुंबास दिवसाला ६७५ लिटर लागतील. त्या हिशेबाने हे पाणी एका कुटुंबाला ७१ दिवस पुरेल. त्याच जागेवर चार मजले चढवून चार कुटुंबे राहू लागली, तर ते अवघे १८ दिवस पुरेल; कारण मजले वाढले तरी छप्पर एकच राहते. येथे पुष्कळांचा स्वयंपूर्णतेचा विचार संपतो. मात्र पिण्यास व स्वयंपाकास माणशी पाच लिटरच धरले, तर चार कुटुंबांची वर्षाची गरज ३६,५०० लिटर होते आणि तेच छप्पर ती पूर्ण भागवू शकते. पावसाळ्यानंतरच्या आठ महिन्यांसाठी सुमारे २५,००० लिटरचे टाके लागेल. चौकाखाली अडीच मीटर खोल टाके केल्यास ते तेवढेच भरते. अर्थात जुन्या पायाजवळ खोदाई करण्यापूर्वी अभियंत्याचा सल्ला घेणे आणि साठविलेले पाणी शुद्ध करूनच पिणे अगत्याचे आहे.

विजेचा हिशेबही याच मार्गाने जातो. एक किलोवॉटच्या सौर संचास सुमारे १० चौरस मीटर जागा लागते व त्यापासून दिवसाला सरासरी चार युनिट वीज मिळते. अर्धी गच्ची वापरली, तर अडीच किलोवॉटचा संच बसेल व दहा युनिट वीज मिळेल. दिवसाला सहा युनिट वापरणाऱ्या एका कुटुंबाची गरज भागून त्यात शिल्लक उरेल. चार कुटुंबांना मात्र गरजेच्या निम्मीही वीज मिळणार नाही.

ओल्या कचऱ्याचे गणित तर एकट्या घराला जमतच नाही. पाच माणसांच्या घरातून दिवसाला किलोभर ओला कचरा निघतो, असे धरू. शेरीतील वीस घरांचा कचरा एकत्र केला, तर सुमारे दोन घनमीटर जैववायू मिळू शकतो. तेवढ्यावर दोन कुटुंबांचा स्वयंपाक होईल. लाभ लहान आहे. परंतु रोजचा वीस किलो कचरा शेरीतच जिरतो आणि खत मिळते ते वेगळेच. या विषयात महाराष्ट्रात मोलाचे काम झाले आहे. भाभा अणुसंशोधन केंद्रातील डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेला 'निसर्गऋण' प्रकल्प व पुण्याच्या 'आरती' संस्थेतील डॉ. आनंद कर्वे यांचे घरगुती जैववायू संयंत्र ही त्याची उदाहरणे होत.

पूर आणि आग

स्वयंपूर्णतेची खरी कसोटी संकटकाळी लागते. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडण्यात आलेल्या प्रचंड विसर्गामुळे तापीला महापूर आला व सुरत शहराचा बहुतांश भाग पाण्याखाली गेला. वरच्या मजल्यांवर अडकलेल्या कुटुंबांच्या भोवती सर्वत्र पाणी होते, पण पिण्यास पाणी नव्हते. वीज बंद, पंप बंद आणि तळमजल्यावरील साठा बुडालेला, अशी अवस्था अनेक इमारतींत झाली.

या अनुभवावरून बांधकामाचे काही नियम निघतात. पिण्याच्या पाण्याचे टाके जमिनीखाली असेल, तर त्याचे झाकण घट्ट बसणारे असावे व पुराची सूचना मिळताच गच्चीवरील टाकी भरून घ्यावी. विजेचे मीटर, पंपाची कळ व बॅटरी पूररेषेच्या वर असावीत. आणखी एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. वीजवाहिनीशी जोडलेला साधा सौर संच वाहिनीतील वीज जाताच सुरक्षिततेसाठी आपोआप बंद पडतो. पुराच्या काळात दिवा व पंप चालवावयाचा असेल, तर बॅटरीची व तिला अनुरूप इन्व्हर्टरची सोय आधीच करावी लागते.

आगीचाही विचार तितकाच महत्त्वाचा आहे. एप्रिल १८३७ मधील आगीत सुरतेतील हजारो घरे जळाली. दाट वस्ती व लाकडी बांधकाम यांमुळे आग पसरत गेली. मे २०१९ मध्ये सुरतेच्या सरथाणा भागातील एका व्यापारी इमारतीच्या वरच्या मजल्यावर चालणाऱ्या शिकवणीच्या वर्गात अडकून २२ जणांचा बळी गेला. त्यांत बहुतेक विद्यार्थी होते. गच्ची ही घराचे पाणी व वीज देणारी जागा आहे, तशीच ती सुटकेची वाटही आहे. सौर पत्रे बसविताना जिन्याच्या तोंडापासून शेजारच्या गच्चीपर्यंत मोकळी वाट ठेवलीच पाहिजे.

घर, शेरी आणि शहर

वरील हिशेबांचे तात्पर्य असे की, दाट वस्तीत स्वयंपूर्णतेचे एकक एकटे घर असू शकत नाही. काही कामे घराची, काही शेरीची आणि काही शहराची आहेत.

पाणी जपून वापरणे, गच्चीला पांढरा चुना देऊन ताप कमी करणे व कचरा वेगळा करणे ही घराची कामे होत. पावसाचे टाके, जैववायू संयंत्र, सामाईक सौर संच आणि पुराच्या वेळचा साठा ही शेरीची कामे होत. बसक्या घराच्या छपरावरील जादा वीज उंच घराला देता येणे, हेच शेरीचे बळ आहे. पेशवाईत कात्रजच्या तलावातून नळाने आणलेले पाणी पुण्याच्या पेठांतील सार्वजनिक हौदांत सोडले जाई. तेव्हाही पाण्याची सोय सामाईकच होती.

सांडपाण्याचे शुद्धीकरण मात्र शहरानेच करावे. सप्टेंबर १९९४ मधील प्लेगच्या साथीनंतर, १९९५ पासून आयुक्त एस. आर. राव यांच्या कारकिर्दीत सुरत महानगरपालिकेने स्वच्छतेची घडी नव्याने बसविली. २००३ मध्ये अंजना येथील मलशुद्धीकरण केंद्रात मैल्यापासून निघणाऱ्या वायूवर वीजनिर्मिती सुरू झाली. २०१४ मध्ये दररोज चार कोटी लिटर सांडपाणी शुद्ध करून पांडेसरा येथील कारखान्यांना विकण्याची व्यवस्था झाली. कारखान्यांनी तेवढे नदीचे पाणी घेतले नाही, म्हणजे ते घरांसाठी वाचले.

यातील अडचण यंत्रांची कमी व माणसांची अधिक आहे. जुन्या घरांना अनेक वारस असतात, भाडेकरू असतात. गच्ची कोणाची, यावर एकमत होत नाही. डागडुजीचा खर्च कोणी करावा हे ठरत नाही, म्हणून घर पडू दिले जाते व त्या जागी गाळ्यांची वा गोदामाची इमारत उभी राहते. चौक गेला की टाके गेले, वारा गेला आणि रहिवासीही गेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'पीएम सूर्य घर : मोफत वीज योजने'त घरमालकास तीन किलोवॉटपर्यंतच्या संचासाठी कमाल ७८,००० रुपयांचे अनुदान ठरविण्यात आले, गृहनिर्माण संस्थांच्या सामाईक वापरासाठीही त्यात तरतूद करण्यात आली. पण अर्जावर सही करण्यास शेरीतील लोक एकत्र आले नाहीत, तर अनुदान कागदावरच राहील.

शाळांसाठी अभ्यास

शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून पुढील पाठ करून घेण्यासारखा आहे. प्रत्येकाने आपल्या घराच्या छपराची लांबी व रुंदी मीटरमध्ये मोजावी, त्यांचा गुणाकार करावा व त्यास आपल्या तालुक्याच्या वार्षिक पावसाच्या मिलिमीटरने गुणावे. येणारा आकडा म्हणजे छपरावर पडणारे लिटर पाणी. त्यातून पाचवा हिस्सा वजा करावा आणि छपराखाली राहणाऱ्या माणसांच्या संख्येने उरलेल्या पाण्यास भागावे. नंतर एका आळीतील सर्व घरांचे आकडे एकत्र मांडावेत. कोणत्या घराचे पाणी उरते व कोणत्या घरास कमी पडते, हे तक्त्यावरून मुलांच्या ध्यानात येईल. हाच तक्ता ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपालिकेच्या सभेपुढे ठेवल्यास सामाईक टाके कोठे खोदावे, या चर्चेला आकड्यांचा आधार मिळेल.