उसाच्या कांड्यावरील पांढरी पूड आणि पेशीतले हमाल



मागील हंगामात एक वयस्कर सभासद उसाचे कांडे घेऊन गट ऑफिसात आले. "साहेब, बोट लावलं की पांढरी पूड लागतीय. लोकरी मावा परत आला म्हणायचा का? औषध मारू?"

त्यांची भीती खोटी नव्हती. जुलै २००२ मध्ये सांगली जिल्ह्यात लोकरी मावा दिसला आणि बघता बघता पसरला. पण ही पूड म्हणजे उसाचे स्वतःचे मेण आहे. ते कांड्यावर कसे येते, हे समजून घेऊ.

पेशी म्हणजे छोटा कारखानाच. तिच्यात अनेक विभाग असून प्रत्येकाभोवती स्निग्ध पदार्थांचे पातळ अस्तर असते. हे पदार्थ तयार होतात एका विभागात आणि लागतात दुसरीकडे. मध्ये सगळे पाणी. तेल काही पाण्यात मिसळत नाही. मग वाहतूक कशी होते? १९७५ साली फ्रान्समधील कादेर या शास्त्रज्ञांनी बटाट्यातील काही प्रथिने ही ने-आण वाढवितात असे दाखविले. त्यांना आपण हमाल म्हणू.

यातील लहान हमाल सुमारे ९० अमिनो आम्लांचे असतात. गंधकाच्या चार सांध्यांनी ते घट्ट बांधलेले असून आत पोकळी असते. या पोकळीत स्निग्ध पदार्थ बसतो. पुढे आढळले की हे लहान हमाल बहुतेक पेशीबाहेर सोडले जातात. आतल्या कामाला दुसरी प्रथिने असतात. पेशीत तयार झालेले मेण सालीपर्यंत पोचविण्यास हे बाहेरचे हमाल मदत करतात, असे मानले जाते. हे मेण उसातील पाणी उडू देत नाही. माण, खटाव, जतकडच्या उन्हात त्याची किंमत वेगळी सांगायला नको.

आता कामाच्या गोष्टी.

१) फवारणीपूर्वी पान उलटून पाहा. मावा पानाच्या खालच्या बाजूस, शिरेलगत असतो. त्याच्या चिकट्यामुळे खालच्या पानांवर काळी बुरशी येते. मेण कांड्यावर, गाठीच्या लगेच खाली जास्त असते. उगाच औषध मारल्यास पैसा जातोच, शिवाय मावा खाणारे डिफा व मायक्रोमस हे मित्रकीटकही मरतात.

२) मेण सालीला राखते, कापलेल्या तोंडांना नाही. तोडलेला ऊस फडात वाळत ठेवला तर वजन आणि साखर दोन्ही घटतात. तोड झाली की गाडी लगेच भरा.

३) गाळपात हे मेण बरेचसे प्रेसमडमध्ये जाते व सावकाश कुजते. म्हणून प्रेसमड कच्चे न टाकता कुजवूनच शेतात घाला.

त्या सभासदांनी घरी जाऊन पाने उलटून पाहिली. मावा नव्हता. औषधाचे पैसे वाचले.

— ऊस विकास अधिकारी