लपण्यात पटाईत पाणघोडा

परवा आठवीच्या वर्गात मी भिंतीवर, जमिनीपासून ८० सेंटिमीटरवर खडूने रेघ ओढली. "पिग्मी पाणघोड्याची खांद्यापर्यंतची उंची!"

"एवढाच, सर?" सगळे हसले.

वजन मात्र २०० किलोंच्या आसपास. लायबेरिया आणि शेजारच्या देशांतल्या वर्षावनांत तो राहतो. मोठ्या पाणघोड्यासारखा कळपाने डुंबत नाही. दिवसा ओढ्याकाठी दडतो, रात्री एकटाच पाला, नेचे, फळे खात हिंडतो. संशोधकांनाही तो बहुधा झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्यातच दिसतो.

"म्हणजे कॅमोफ्लाज पक्कं!" एक कॅडेट म्हणाला.

पक्कंच. पण शेतीसाठी, लाकडासाठी जंगल तुटतंय, शिकारही होते. रानात जेमतेम दोन-अडीच हजार उरलेत.

"मग तो लपणार कुठे, सर?"

मी नकाशावर लायबेरियातलं सापो राष्ट्रीय उद्यान दाखवलं.