जुन्या मोटारसायकलींचा जीर्णोद्धार : खर्च आणि मोल

जुन्या वाड्याच्या ढेलजेत, गोठ्याच्या आडोशाला किंवा पत्र्याच्या शेडमध्ये धूळ खात उभी असलेली मोटारसायकल हे दृश्य महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाला अपरिचित नाही. एके काळी अशाच गाडीवरून शिक्षक शाळेत गेले, पशुवैद्य वाड्यावस्त्यांवर पोहोचले आणि दुधाच्या कॅन तालुक्याच्या गावी गेल्या. आज त्याच गाडीसाठी भंगारवाला वजनावर किंमत सांगतो, शहरातून आलेला हौशी ग्राहक त्याहून बरीच अधिक सांगतो आणि घरातला तरुण मुलगा ती पुन्हा चालू करण्याचा हट्ट धरतो. या तिघांपैकी कोणाचे ऐकावे, हा प्रश्न वरवर भावनेचा वाटला तरी त्यात कुटुंबाची शिल्लक गुंतलेली असते. म्हणूनच जीर्णोद्धाराचा खर्च आणि त्यातून हाती येणारे मोल यांचा हिशेब आधी मांडणे अगत्याचे ठरते.

वारसा कोणता?

भारतीय रस्त्यांवरील जुन्या मोटारसायकलींत तीन नावे प्रामुख्याने आढळतात. पहिले बुलेटचे. १९५५ मध्ये मद्रास मोटर्स व इंग्लंडमधील रॉयल एनफील्ड यांच्या सहकार्यातून मद्रास येथे एनफील्ड इंडिया ही कंपनी स्थापन झाली. भारतीय सेनेला सीमेवरील गस्तीसाठी हे वाहन पसंत पडले होते. इंग्लंडमधील रेडिच येथील मूळ कारखाना १९६७ मध्ये बंद झाला. मद्रासमध्ये मात्र बुलेटचे उत्पादन चालूच राहिले. दुसरे नाव जावाचे. चेकोस्लोव्हाकियाच्या तंत्रज्ञानावर आधारित या मोटारसायकली म्हैसूर येथील आयडियल जावा कंपनीने १९६१ पासून बनविल्या. पुढे त्याच कारखान्यातून येझदी या नावाने गाड्या निघाल्या व १९९६ मध्ये तो बंद पडला. तिसरे नाव राजदूतचे. पोलंडमधील रचनेवर बेतलेली १७५ घन सेंटिमीटरची ही गाडी एस्कॉर्ट्स कंपनीने बाजारात आणली आणि खडबडीत वाटांवर ओझे वाहण्याच्या क्षमतेमुळे ती दूधवाल्यांची व शेतकऱ्यांची गाडी म्हणून ओळखली गेली.

या यंत्रांची रचना साधी आहे. जुन्या ३५० बुलेटच्या सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ९० मिलिमीटर. जावा २५० मध्ये हीच मापे ६५ व ७५ मिलिमीटर. एकच सिलिंडर, एकच कार्ब्युरेटर आणि उघड्या डोळ्यांना दिसणारे प्रत्येक जोडकाम, यामुळे सामान्य हत्यारांनी ही गाडी पूर्ण खोलता येते. जीर्णोद्धार शक्य होतो तो या साधेपणामुळे. आणि तो महाग पडतो तो मात्र इतर कारणांनी.

खर्चाची फोड

खर्चाचे पहिले कलम इंजिनाचे. वर्षानुवर्षांच्या घर्षणाने सिलिंडर आतून झिजतो व त्याचा गोल आकार बिघडतो. अशा वेळी लेथ कारखान्यात तो किंचित मोठा कापून त्या मापाचा जादा व्यासाचा पिस्टन बसवितात. यालाच कारागीर ‘बोअर करणे’ म्हणतात. हे काम अमर्याद वेळा करता येत नाही. सिलिंडरची भिंत पातळ झाली की नवी स्लीव्ह बसवावी लागते. म्हणून गाडी विकत घेण्यापूर्वी ती किती वेळा बोअर झाली आहे, हे तपासणे इष्ट. क्रँकची बेअरिंगे, क्लच प्लेटा, गिअरचे दाते आणि ऑइल सील यांचीही पाहणी याच वेळी करावी.

दुसरे कलम पत्र्याचे व मुलाम्याचे. जुन्या जावाच्या टाकीवरील चकचकीत बाजू किंवा बुलेटचा सायलेन्सर पुन्हा झळकवावयाचा तर पृष्ठभाग घासून त्यावर सामान्यतः तांबे, निकेल आणि क्रोमियम असे थर क्रमाने चढवावे लागतात. गंजाने पत्र्याला भोके पडली असतील तर मुलाम्याआधी डाग देण्याचे काम येते. स्वस्तात केलेला मुलामा एका पावसाळ्यात सोलून निघतो आणि खर्च दुप्पट होतो.

तिसरे कलम सुट्या भागांचे. बुलेटचे भाग दीर्घकाळ बनत राहिल्याने तुलनेने सहज मिळतात. बंद पडलेल्या कारखान्यांच्या गाड्यांचे अस्सल भाग मात्र जुन्या दुकानांच्या माळ्यावर किंवा दुसऱ्या मोडक्या गाडीतच सापडतात. मूळ मीटर, मूळ दिवा किंवा टाकीवरील पितळी चिन्ह यांसारख्या लहान वस्तूंनीच अंदाजपत्रक कोलमडते, असा अनेकांचा अनुभव आहे.

चौथे कलम वेळेचे होय. सुट्या भागाची वाट पाहण्यात महिने जातात आणि तेवढ्या काळात खोललेले भाग हरवतात. म्हणून गाडी खोलण्यापूर्वी सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत, प्रत्येक जोडाचे नट-बोल्ट वेगळ्या डब्यात चिठ्ठीसह ठेवावेत आणि खर्चाची वही पहिल्या दिवसापासून लिहावी.

एक नमुना हिशेब

पुढील आकडे बाजारभाव नव्हेत. हिशेबाची रीत समजावी म्हणून ते केवळ गृहीत धरले आहेत. समजा, एक बंद गाडी २५,००० रुपयांस मिळाली. इंजिनाचे काम ३०,०००, वायरिंग व विद्युत भाग ८,०००, रंग व मुलामा २५,०००, चाके व टायर १२,००० आणि वाहतूक, विमा व नोंदणी १०,००० रुपये. कामाचा खर्च ८५,००० झाला. त्यावर अकल्पित बाबींसाठी २० टक्के म्हणजे १७,००० धरले तर खरेदीसह एकूण रक्कम १,२७,००० होते. तयार गाडीला बाजारात १,००,००० रुपये मिळणार असतील तर स्वतःच्या श्रमांचे मोल न धरताही २७,००० रुपयांची तूट आहे. ती सोसून आनंद मिळवावयाचा की नाही, हा निर्णय कामाच्या आरंभीच घ्यावयास हवा, शेवटी नव्हे.

वडिलोपार्जित गाडीबाबत ‘खरेदीचे पैसे पडलेच नाहीत’ असे मानण्याची चूक होते. ती जशी आहे तशी विकून जे पैसे आले असते, तेवढी रक्कम त्या गाडीत गुंतलेलीच असते.

याहून मोठी चूक अर्ध्या वाटेवर होते. समजा, ६०,००० रुपये घातल्यावर क्रँक निकामी असल्याचे आढळले. अर्धवट गाडी आहे त्या स्थितीत ३५,००० रुपयांना जाते आणि पूर्ण झाल्यावर १,००,००० रुपयांना. उरलेल्या कामास ५०,००० लागणार असतील तर काम पुरे करणे योग्य, कारण हाती ५०,००० उरतात. तेच काम ७५,००० मागत असेल तर हाती केवळ २५,००० उरतात. तेव्हा थांबणे शहाणपणाचे. आधी घातलेले ६०,००० दोन्ही बाजूंना सारखेच बुडालेले आहेत. ‘इतके घातले, आता मागे कसे फिरावे’ या विचाराने कर्ज काढणाऱ्यांनी हा साधा हिशेब अवश्य करावा. शाळेत नफा-तोटा शिकविताना हेच उदाहरण विद्यार्थ्यांना सहज पटेल.

मोल तीन प्रकारचे

जुन्या मोटारसायकलीचे मोल तीन अंगांनी पाहता येते. पहिले उपयोगाचे : रोजच्या प्रवासास नवी गाडी अधिक सुरक्षित व काटकसरीची असते, हे मान्य केले पाहिजे. दुसरे विक्रीचे : ते फॅशननुसार चढते-उतरते व त्यावर निवृत्तीची पुंजी लावणे धोक्याचे. तिसरे वारशाचे : विशिष्ट काळातील अभियांत्रिकी, स्थानिक कारागिरी आणि एखाद्या कुटुंबाची वाटचाल यांचा ती पुरावा असते.

वारशाच्या दृष्टीने अस्सलपणा चकाकीहून श्रेष्ठ ठरतो. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये स्वीकारलेली ट्युरिन सनद हेच सांगते. शक्य तेथे मूळ भाग जपावा, बदललेला भाग ओळखता यावा आणि केलेल्या प्रत्येक कामाची नोंद ठेवावी, हा तिचा आशय आहे. मूळ रंग थोडा उडालेला असला तरी तो एकदा खरवडला की पुन्हा मिळत नाही. सबब पुष्कळदा धुणे, तेलपाणी करणे आणि गंज थांबविणे एवढेच काम पुरेसे असते; आणि तेच सर्वांत स्वस्तही असते.

कायद्याची चौकट

केंद्र शासनाने जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून ‘व्हिंटेज’ वाहनांच्या नोंदणीची स्वतंत्र तरतूद केली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक वय झालेली दुचाकी व चारचाकी वाहने तीत येतात. मात्र वाहन मूळ स्वरूपात राखलेले असावे. चेसिस, बांधणी किंवा इंजिन यांत भरीव फेरबदल झालेला नसावा, अशी अट आहे. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि पुनर्नोंदणीचे ५,००० रुपये ठरविण्यात आले. नोंदणीची मुदत १० वर्षे आहे. क्रमांकात राज्याच्या संकेताक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. असे वाहन प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, रॅली तसेच इंधन व देखभाल यांसाठी रस्त्यावर आणता येते. नित्याच्या किंवा व्यापारी वापरासाठी नाही.

यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. १९७० सालची जावा या तरतुदीस पात्र ठरू शकते, पण १९९० ची येझदी आज ठरत नाही. तिच्या मालकाने १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी करावयाच्या नोंदणी नूतनीकरणाचाच मार्ग धरावा. दुसरे असे की, हौसेपोटी दुसरेच इंजिन बसविणारा मनुष्य पैसे खर्च करून गाडीचा दर्जा गमावतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातील तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाहीत, हेही ध्यानी ठेवावे.

कागदपत्रे हा अनेक जीर्णोद्धारांचा अडसर आहे. मालक मृत झाल्यास वारसाने ३० दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्यास कळवावे आणि ३ महिन्यांत नावबदलाचा अर्ज करावा, असा नियम आहे. प्रत्यक्षात वीस-वीस वर्षे गाडी आजोबांच्याच नावावर राहते. ग्रामपंचायत सदस्यांनी वारसनोंदीच्या वेळी जमीन व घर यांबरोबर वाहनाचीही आठवण करून दिली तर पुढचा त्रास टळेल. रंगकामापूर्वी चेसिस व इंजिन क्रमांकांचा पेन्सिलने कागदावर ठसा घ्यावा; लांबी व रंगाच्या थराखाली किंवा घासकामात क्रमांक पुसट झाल्यास तपासणीत अडचण येते. कागदपत्रे नसलेली गाडी ‘नंतर पाहू’ म्हणून विकत घेऊ नये.

आरोग्य आणि पर्यावरण

जुन्या ब्रेक लायनरमध्ये व क्लच प्लेटांमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. त्याची धूळ फुप्फुसांना घातक असल्याने ब्रेकचा ड्रम तोंडाने किंवा हवेच्या नळीने फुंकून साफ करू नये. ओल्या फडक्याने पुसावा. मुलाम्याच्या सांडपाण्यातील क्रोमियमही विषारी असते. ते गटारात किंवा ओढ्यात सोडणाऱ्या कारखान्याकडून स्वस्तात काम करून घेणे म्हणजे आपला खर्च गावाच्या विहिरींवर ढकलणे होय.

इंधनाचाही विचार हवा. २०२५ मध्ये देशात पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर पोहोचले. इथेनॉल पाणी शोषून घेते आणि जुन्या प्रकारच्या रबरी नळ्या व सील खराब करू शकते. म्हणून जीर्णोद्धार करताना इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या बसवाव्यात आणि गाडी दीर्घकाळ उभी ठेवावयाची असल्यास टाकी व कार्ब्युरेटर रिकामे करावेत.

कारागिरीचे जतन

या सर्व हिशेबात एक कलम पैशांत मांडता येत नाही. इंजिनाच्या आवाजावरून दोष ओळखणारे, चाकाच्या तारा ओढून रिम सरळ करणारे, टाकीवर मोकळ्या हाताने सोनेरी रेघ मारणारे कारागीर आता वयोवृद्ध झाले आहेत. त्यांचे ज्ञान पुस्तकात नाही. ते त्यांच्या बोटांत आहे. गाडी दहा वर्षांनीही दुरुस्त करता येईल, परंतु ती शिकविणारा हात तोवर उरेलच असे नाही.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी व तांत्रिक विषय शिकविणाऱ्या शाळांनी एखादी जुनी मोटारसायकल प्रात्यक्षिकासाठी मिळविली आणि गावातील जुन्या मिस्त्रीस योग्य मानधन देऊन वर्गात बोलावले, तर फार मोठा खर्च येणार नाही. विद्यार्थ्यांनी प्रत्येक टप्प्याची मापे, छायाचित्रे व खर्च लिहून ठेवावा. अशी वही त्या गाडीपेक्षाही अधिक काळ उपयोगी पडेल.

शेडमधील प्रत्येक गाडी वाचविण्याजोगी नसते. काहींचे भाग दुसऱ्या गाडीस जीवदान देतील, तर काहींना नोंदणीकृत केंद्रात रीतसर मोडीत काढणेच योग्य ठरेल. मात्र भंगाराच्या काट्यावर चढविण्यापूर्वी तिची कागदपत्रे पाहावीत, जाणत्या कारागिराकडून तपासणी करून घ्यावी आणि वर दाखविलेला हिशेब एकदा मांडावा. त्यानंतर घेतलेला निर्णय जीर्णोद्धाराचा असो वा विक्रीचा, तो पश्चात्तापाचा ठरणार नाही.