आधी बुश, मग बाकी सगळं

अगं, गाडी घेतलीस ते झकास केलंस. २००६ची निसान ३५० झेड, साडेतीन लिटरचं व्ही-६ इंजिन आणि सगळी ताकद मागच्या चाकांना. ड्रिफ्टिंग शिकायचं तर अशीच गाडी हवी. पण तू पाठवलेली खरेदीची यादी वाचली आणि वाटलं, ऑर्डर जायच्या आत हिच्याशी बोलायला हवं. पहिल्याच ओळीत अँगल किट! ते सगळ्यात शेवटी, राणी.

अँगल किटने पुढची चाकं जास्त वळतात, हे खरं. पण चाक जितकं आडवं, तितकी गाडी वेग गमावते, आणि तो वेग टिकवायला लागणारा अ‍ॅक्सिलरेटरवरचा ताबा अजून तुझ्या पायात यायचाय. त्यात किट नीट बसलं नाही तर चाक पूर्ण वळून तिथंच अडकतं, परत सरळ येत नाही. मूळच्या स्टेअरिंगवर पुष्कळ शिकता येतं. कंपनीचा लॉक, म्हणजे चाकं वळायची हद्द, खरंच अपुरा पडतोय असं तुझ्या हातांना कळेल, तेव्हा बघू.

त्याआधी गाडी जॅकवर घे आणि बुश तपास. वीस वर्षांचं रबर आहे ते. झेडच्या पुढच्या कॉम्प्रेशन रॉडच्या बुशमध्ये तेल भरलेलं असतं. ते चिरतं, तेल गळतं, आणि मग ब्रेक दाबला की स्टेअरिंग थरथरतं. अशा गाडीवर कितीही महागडे शॉक बसव, चाक एकीकडे ओढणार आणि तुझे हात दुसरीकडे. अलाइनमेंटवाल्याने लावलेला आकडा पहिल्याच वळणात बदलणार. म्हणून पहिले पैसे इथं. सगळीकडे लोखंडी गोळ्याचे जॉइंट मात्र नकोत. जपानी लोक त्यांना पिलोबॉल म्हणतात. रेसच्या गाडीला ते उत्तम, पण तू याच गाडीने कामावर जाणार. न्यू जर्सीच्या हिवाळ्यात रस्त्यावर मीठ पडतं, त्यात ते लवकर खराब होतात आणि खडखडतात. पॉलियुरेथेनचे बुश बसव, नाहीतर नवं रबर. दोन्ही चालेल.

आता कॉइलओव्हर, म्हणजे उंची बदलता येणारा स्प्रिंग आणि शॉकचा संच. झेडच्या मागच्या बाजूला स्प्रिंग आणि शॉक वेगवेगळे असतात. स्प्रिंग खालच्या आर्मवर, चाकापासून जरा आत बसते. काही किट तीच रचना ठेवतात, तर काहींत स्प्रिंग शॉकवरच येते. त्यामुळे दोन किटचे स्प्रिंगचे आकडे शेजारी ठेवून ‘ही जास्त कडक’ असं ठरवू नकोस. आत बसलेल्या स्प्रिंगला चाकाचा भार लांबून पेलायचा असतो, म्हणून तिचा आकडा मुळातच मोठा लागतो. पहिल्या किटसाठी मी मूळची रचनाच ठेवायला सांगेन. स्प्रिंग शॉकवर आली की सगळा भार बॉडीतल्या वरच्या माउंटवर जातो, आणि ती जागा त्यासाठी केलेली नाही.

एका गोष्टीबाबत मी हट्ट धरणार आहे. गाडी फार खाली बसवू नकोस. फोटोत छान दिसते, मला माहीत आहे. पण दोन बोटांहून खाली गेलीस की खालचे आर्म बाहेरून वर चढतात, रोल सेंटर खाली जातं, आणि कडक स्प्रिंग असूनही बॉडी जास्त झुकते. खड्ड्यात चाक आपोआप वळायला लागतं ते वेगळंच. पुढच्या बाजूची उंची शॉकच्या खालच्या माउंटवरून बदलणारं किट घे, म्हणजे तिथं स्प्रिंग न आवळता गाडी खालीवर करता येते आणि शॉकला हलायला जागा उरते. ड्रिफ्टमध्ये टायर घसरत असतं म्हणून त्याला पकड नको, असं नाही गं. मागचं टायर एकसारखं जमिनीला धरून असेल तरच ते एकसारखं घसरतं. उड्या मारणारी गाडी कुणालाच सांभाळता येत नाही.

आणि भारी सस्पेंशनवाचून काही अडत नाही. जपानी ड्रिफ्ट ड्रायव्हर केइची त्सुचियाने १९८७ साली जपानच्या घाटरस्त्यांवर जो व्हिडिओ केला, तो ज्या टोयोटा एई८६वर केला, तिला मागे साधा अखंड अ‍ॅक्सल होता. त्या गाडीची करामत तिच्या तोलात होती.

अलाइनमेंट मात्र मनापासून कर, खरा फरक तिथंच पडतो. डावीकडे वळताना गाडी घसरली की तू स्टेअरिंग उजवीकडे देतेस. भार असतो उजव्या पुढच्या चाकावर, आणि कॅस्टरमुळे नेमकं तेच चाक वरून बाहेर कलतं. म्हणून पुढे आधीच उणे कॅम्बर, म्हणजे चाकाला वरून आत कल, द्यावा लागतो. सुरुवातीला उणे ३ अंश ठेव. झेडला पुढे कॅम्बर बदलायची सोय कंपनीने दिलेली नाही, त्यामुळे अ‍ॅडजस्ट होणारे वरचे आर्म यादीत वर आण. कॅस्टर मुळातच चांगला आहे, त्याच्यामुळेच हात सोडला की स्टेअरिंग स्वतः फिरतं. मागे कॅम्बर उणे १च्या आत आणि टो शून्याला धरून.

उरलेले पैसे डिफरन्शिअलला. मूळचा व्हिस्कस असेल तर तो तापला की ढिला पडतो, आणि एकच चाक फिरत राहतं. शॉकचे क्लिक मधोमध ठेव, एका वेळी पुढचं किंवा मागचं एकच टोक बदल, आणि वहीत लिही.

सराव फक्त ट्रॅकवर. इंग्लिशटाउनच्या रेसवे पार्कमध्ये ड्रॅग रेसिंग २०१८ला थांबलं, पण ड्रिफ्टवाले तिथं अजून जातात. जाशील तेव्हा डिकीत टाय रॉडची एक जादा जोडी ठेव, वाकायला सगळ्यात आधी तेच वाकतात. प्रत्येक फेरीनंतर नट तपास. नव्या स्प्रिंग थोड्या दिवसांनी बसतात, तेव्हा अलाइनमेंट पुन्हा करून घे आणि छापील आकडे मला पाठव.