‘ख्वाडा’चे इस्टिमेट



सिव्हिलच्या पोरांना एक खोड असते. काहीही बघितलं की आधी खर्चाचा हिशोब! लग्नाचा मांडव असो नाहीतर मेसमधली नवी शेगडी, आमचं डोकं क्वांटिटी आणि रेटमध्येच जातं. त्यामुळे होस्टेलवर एका रात्री सगळ्यांनी मिळून ‘ख्वाडा’ बघितला, तेव्हा माझ्या डोक्यात पहिला प्रश्न आला तो हाच, की ह्याला पैसे कोणी दिले असतील?

उत्तर कळलं आणि झोप उडाली. भाऊराव कऱ्हाडे, आपल्याच जिल्ह्यातल्या श्रीगोंदा तालुक्यातील गव्हाणेवाडीचे. शेतकऱ्याच्या घरातला मुलगा. ह्या माणसाने स्वतःची जमीन विकून पहिला सिनेमा केला.

झोप उडायला कारण होतं. मीही त्याच दिवाळीत घरी एक योजना मांडून आलो होतो. डिग्री झाली की सेकंडहँड जेसीबी घ्यायचा, बँकेचं कर्ज काढायचं आणि लागणाऱ्या स्वतःच्या हिश्श्यासाठी रस्त्याकडेचं एक एकर विकायचं. वडील काहीच बोलले नव्हते. म्हणून ह्या माणसाचा प्रवास मी जरा अभ्यास म्हणूनच वाचत गेलो. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतो.

लेखक आणि निर्माता म्हणजे कोण?

आपल्या भाषेत सांगायचं तर पटकथा म्हणजे ड्रॉइंग. कथा तोंडी सांगता येते, पण पटकथेत प्रत्येक प्रसंग कुठे घडतो, घरात की बाहेर, दिवसा की रात्री, कोण कोण हजर आहे, हे सगळं येतं. त्यावरून माणसं, जागा, जनावरं, सामान यांची यादी निघते आणि यादीवरून इस्टिमेट. निर्माता म्हणजे त्या इस्टिमेटचा पैसा उभा करणारा आणि काम बुडालं तर पहिला बुडणारा. अमेरिकेच्या मोठ्या स्टुडिओंत बहुतेक वेळा लेखक पटकथा विकतो आणि बाजूला होतो. मग ड्रॉइंगमध्ये काय बदल करायचा ते पैसेवाला ठरवतो. लेखक स्वतःच निर्माता झाला तर ड्रॉइंगला कोणी हात लावत नाही, पण नुकसानही त्याच्याच अंगावर येतं. मोकळीक आणि जोखीम एकाच पाकिटात मिळतात, वेगवेगळी मिळत नाहीत!

आपल्याकडे ही गोष्ट नवीन नाही. दादासाहेब फाळके यांनी विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून विलायत गाठली, सरस्वतीबाईंचे दागिने गेले, तेव्हा १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. अमेरिकेत रॉबर्ट रॉड्रिग्ज ह्या तरुणाने १९९२ चा ‘एल मारियाची’ सुमारे सात हजार डॉलरमध्ये केला. औषध चाचणीसाठी स्वतःचं शरीर देऊन त्याने काही पैसे जमवले. त्याची युक्ती मला फार आवडली. हाताशी काय काय आहे त्याची त्याने आधी यादी केली, आणि कथा त्या यादीत बसवली. म्हणजे आधी मटेरियल, मग डिझाईन!

‘ख्वाडा’ कसा उभा राहिला

कऱ्हाडे यांचं सिनेमाचं शिक्षण झालं ते आपल्या नगरमध्येच (आता अहिल्यानगर), न्यू आर्ट्स कॉलेजच्या संज्ञापन विभागात. नागराज मंजुळे हेही तिथलेच विद्यार्थी. तिथे शिकताना केलेल्या त्यांच्या ‘पिस्तुल्या’ ह्या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. म्हणजे सिनेमा शिकायला मुंबई-पुण्यालाच जावं लागतं हा समज ह्या शहराने आधीच खोडून काढला आहे.

ख्वाडा म्हणजे आडकाठी, खोडा. गोष्ट एका मेंढपाळ धनगर कुटुंबाची आहे. म्हातारा रघू, म्हणजे शशांक शेंडे, याची जमीन वनखात्यात गेलेली. कोर्टाच्या फेऱ्या चालू आणि पोटासाठी मेंढरं घेऊन गावोगाव भटकंती. धाकटा बाळू, म्हणजे भाऊसाहेब शिंदे, ह्याला कुस्तीचा नाद. त्याला एका जागी स्थिर व्हायचंय, लग्न करायचंय. आणि मग गावच्या सरपंचाशी गाठ पडते. पुढचं सांगत नाही, बघा!

आता ह्याचं इस्टिमेट बघा. माळरान, पाल, मेंढरं, आपल्याच भागातली बोली. लेखकाने लहानपणापासून जे पाहिलं तेच कागदावर आलं. सेट उभारायचा खर्च नाही, मोठ्या स्टारचं मानधन नाही. पण एका बाबतीत मात्र कंजुषी नाही. ती म्हणजे आवाज! संवाद नंतर स्टुडिओत न भरता जागेवरच रेकॉर्ड केले. वारा, मेंढरांचा कालवा, लांबून जाणारा ट्रॅक्टर, यातून बोलणं स्वच्छ पकडणं किती अवघड, हे ज्याने आपल्या गॅदरिंगला माईक सांभाळलाय त्याला विचारा. ६२ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत ‘ख्वाडा’ला परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला आणि जागेवरील ध्वनिमुद्रणाचाही पुरस्कार मिळाला. काटकसर कुठे करायची आणि कुठे नाही, हा पहिला धडा.

आणि एक गोष्ट मनातून जात नाही. जमीन गेलेल्या माणसाची गोष्ट सांगायला लेखकाला स्वतःची जमीन विकावी लागली!

बांधलं, पण पजेशन कधी?

दुसरा धडा जास्त कडू आहे. पुरस्कार जाहीर झाले मार्च २०१५ मध्ये, आणि सिनेमा थिएटरात लागला २२ ऑक्टोबर २०१५ ला. मध्ये सात महिने! बिल्डिंग पूर्ण, बक्षीसही मिळालं, पण रहिवासी नाही. तोवर गुंतलेला पैसा नुसता पडून.

पुढे २०१८ मध्ये ‘बबन’ आला. मग २८ एप्रिल २०२३ ला ‘टीडीएम’. त्याच दिवशी ‘महाराष्ट्र शाहीर’ आणि ‘पोन्नियिन सेल्वन २’ लागले होते. ‘टीडीएम’ला खेळ फारच थोडे मिळाले. कलाकारांनी जाहीरपणे दुःख मांडलं, सिनेमा काढून घेतला गेला आणि जूनमध्ये पुन्हा लावण्यात आला. तिसरा सिनेमा, राष्ट्रीय पुरस्काराचं नाव पाठीशी, तरी ही वेळ! कारण पडदा थिएटरवाल्याचा असतो. कुठला खेळ किती वाजता लावायचा हे तो ठरवतो. सकाळी नऊच्या खेळाला शेतकरी कसा येणार? पटकथा निर्मात्याच्या हातात, पैसा त्याच्या हातात, पण शेवटचा टप्पा दुसऱ्याच्या हातात. आपण प्रोजेक्ट रिपोर्ट लिहितो त्यात हा टप्पा असतो का, सांगा बरं?

माझ्यापुरतं

‘जमीन विका, यश मिळेल’ असा ह्या गोष्टीचा अर्थ काढायला मन पटकन तयार होतं. मीही आधी तोच काढला. पण विकून बुडालेल्यांचे लेख कोणी लिहीत नाही. आणि कऱ्हाडे यांनी विकली तेव्हा त्यांच्या हातात शिकलेली विद्या होती, लिहिलेली पटकथा होती, आणि ज्या माळावर काम करायचं तो माळ त्यांना पाठ होता. माझ्या हातात काय होतं? जेसीबीला महिन्याला किती तास काम मिळतं, बिल किती महिन्यांनी निघतं, यातलं काहीही मला माहीत नव्हतं. म्हणजे ड्रॉइंग नसताना मी टेंडर भरायला निघालो होतो!

पुढच्या सुट्टीत मी घरी वडिलांना मोबाईलवर ‘ख्वाडा’ दाखवला. संपल्यावर ते बराच वेळ गप्प होते. मग एवढंच म्हणाले, “त्या म्हाताऱ्याची जमीन त्याला न विचारता गेली. तू निदान विचारलंस.”

मी योजना फाडली नाही, पण पुढे ढकलली. आधी दोन वर्षं एखाद्या कॉन्ट्रॅक्टरकडे साईटवर उभं राहायचं, हिशोब शिकायचा, मग पुन्हा विचारायचं. तेव्हा वडील काय म्हणतील ते मला माहीत नाही.

जाता जाता रेक्टर सरांना एक विनंती. कॉमन रूममध्ये एका शनिवारी ‘ख्वाडा’ लावावा. आणि मित्रांनो, बघताना आवाज मोठा ठेवा. त्या मेंढरांच्या आवाजालाच बक्षीस आहे!