बाह्य इंजिनाच्या होडीसाठी पंख्याची निवड

मोठ्या पिचचा पंखा बसविल्याने होडीचा वेग वाढतोच असे नाही. पंख्याने एका फेऱ्यात तत्त्वतः कापावयाचे अंतर म्हणजे पिच. ‘१३ × १९’ या आकड्यांत पहिला व्यास व दुसरा पिच इंचांत दर्शवितो.

प्रथम पंख्यावरील आडवी पट्टी होडीच्या तळाच्या पातळीत आणावी. इंजिन फार उंच बसविल्यास पंखा हवा ओढतो. नंतर नेहमीचा भार घेऊन होडी पूर्ण वेगाने चालवावी व इंजिनाचे फेरे मोजावेत. ते माहितीपुस्तिकेतील मर्यादेहून कमी भरल्यास इंजिनावर ताण पडून त्याचे आयुष्य घटते. तेव्हा कमी पिचचा पंखा घ्यावा. अधिक भरल्यास मोठ्या पिचचा घ्यावा. एका इंचाने मिनिटास सुमारे १५० ते २०० फेऱ्यांचा फरक पडतो.